करंट दिलेला हात

उजवा हात निकामी झाला तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकानं उठताना एकच गोष्ट सांगितली. डावा आहे ना. जणू डावा हात मी कुठं तरी ठेवून विसरलो होतो आणि त्यांनी तो शोधून दिला. एकानं तर डाव्या हातानं सही करणाऱ्या आपल्या साडूची कथा सांगितली, दोन कप चहा पिऊन. मी ऐकून घेतलं, कारण पलंगावर पडलेल्या माणसाला उठून जाता येत नाही.

मी बैलबाजारातला दलाल आहे. बैलबाजारात डाव्या हाताला काडीची किंमत नाही. आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणाऱ्याचा दलाल आणि घेणाऱ्याचा दलाल समोरासमोर बसतात, दोघांच्या उजव्या हातांवर दुपट्टा टाकला जातो आणि त्याखाली बोटं बोलतात. समोरच्याची जितकी बोटं मी पकडली तितका माझा आकडा. त्याला पटला नाही तर तो माझी बोटं पकडतो. पटला तर तळव्यानं तळवा दाबतो आणि हात बाहेर काढतो. झालं. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच माहीत. हातानं दिलेला आकडा तोंडानं फिरवता येत नाही आणि आकडा मोठ्यानं बोलायचा नाही, हे तर तिथला बैलही जाणतो. डावा हात दुपट्ट्याखाली घातला तर समोरचा उठून जाईल आणि त्याचं बरोबर असेल.

माझे अब्बा नालबंद होते. बैल आडवा पाडायचा, चारी पाय बांधायचे, खुराला नाल ठोकायची. त्यांच्यासोबत जमिनीवर बसून मी लहानपणी बाजार पाहिला तो खालून. दलालांची पायताणं, शेण आणि वर हलणारा दुपट्टा. दुपट्ट्याबाहेरच्या मनगटाकडे पाहून आत किती बोटं धरली असतील हे ओळखायचा नाद मला तेव्हाच लागला. कोणी शिकवलं नाही. नालबंदाच्या पोराला कोण शिकवणार? मी चोरून शिकलो, दुपट्ट्याखाली हात घालण्याइतकी पत कमावली आणि वैनगंगेपलीकडच्या बाजारात चिंचेखालची जागा माझी झाली.

मी मात्र दुसऱ्याला शिकवलं. तो माझ्याकडे गाडीत बैल चढवायला आला होता. दांडगा गडी, अंगात ताकद, तोंडात साखर. कासरा कसा धरायचा इथपासून मी त्याला शिकवलं. दुपट्ट्याखाली हात कसा सैल ठेवायचा, घाई झाली की बोट कसं थरथरतं, समोरच्याचं थरथरणं कसं ओळखायचं, हे सगळं माझ्या हाताच्या स्पर्शानं त्याला शिकवलं. आज तो स्वतःला बाजारातला पहिला दलाल म्हणवतो. म्हणवू दे. गाढवावर झूल टाकली तरी लोक बघायला येतातच.

हात मोडला तो माजरीकडून येताना. कोळशाच्या ट्रकांनी रस्ताभर काळा चिखल करून ठेवलेला, त्यात मोटारसायकल घसरली आणि उजव्या दंडाचं हाड मोडलं. डॉक्टरनं आत धातूची पट्टी घालून हाड जोडलं. हाड जुळलं, पण हात लोंबला. मुरगळलेल्या कोंबडीची मान लोंबते तसं मनगट लोंबायचं. मूठ मिटायची, उघडायची नाही. मोडलेल्या हाडाजवळून जाणारी नस दबली होती, म्हणे. नस तुटलेली नाही, हळूहळू येईल. किती हळू, ते विचारलं की डॉक्टर दुसऱ्या पेशंटला हाक मारायचा.

बाजारात लगेच विनोद सुरू झाला. दलालाचा हात आहे, घ्यायले मिटते, द्यायले उघडत नाई.

हा विनोद मला येऊन सांगितला तो माझ्याच चेल्यानं. पिशवीभर मोसंबी घेऊन आला होता. पलंगाशी बसला, माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कुरवाळत राहिला.

"लोक का बी बोलतेत, भाऊ. तुमी मनावर नोका घेऊ."

"कोण बोलते?"

"सोडा ना जी. तुमी आराम करा. बाजार कुठी पळून राह्यला?"

बोलताना तो माझं एकेक बोट हळूच वर उचलत होता आणि सोडत होता. करंगळी पडली. अनामिका पडली. मधलं पडलं. त्याच्या चेहऱ्यावर फार दुःख होतं. बैलाचे दात पाहणाऱ्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर असतं तेवढंच. मी हात ओढून घेतला. मोसंबी आंबट निघाली.

त्या दिवशी मी ठरवलं की येत्या नांगरणीच्या आधी, बैलांची सगळ्यात मोठी उलाढाल होते तेव्हा, मी चिंचेखाली बसलेला असेन. तो हंगाम गेला तर जागा गेली. एक हंगाम दुसऱ्याचा हात चालला की लोकांना तोच हात ओळखीचा होतो.

चंद्रपुरात एका मोबाइलच्या दुकानावर, अरुंद जिन्यानं वर गेलं की फिजिओथेरपीचं केंद्र होतं. तिथली डॉक्टर म्हणजे नागपूरला शिकून आलेली मुलगी. मी तिला मॅडम म्हणायचो, कारण तिच्या हातात मशीनचं बटण होतं. कोपराच्या खाली, हाताच्या मागच्या बाजूला ती दोन रबरी चकत्या चिकटवायची आणि बटण फिरवायची. आधी मुंग्या, मग झटका, आणि लोंबणारं मनगट आपोआप वर उचललं जायचं. पहिल्यांदा झालं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. माझा हात, आणि उचलणारा दुसराच कोणी.

मी काळजीपूर्वक पाहत होतो. पहिल्या झटक्याला मनगट थोडं उचललं. पुढच्याला जास्त. त्याच्या पुढच्याला आणखी. बटण तिथंच होतं. मी खूश झालो. हात जागा होतो आहे, असं वाटलं. पण थोड्या वेळानं मनगट अर्ध्यावरच येऊ लागलं आणि शेवटी नुसतं हलायचं. बटण तिथंच, झटका तोच, पण माल कमी. आयुष्यभर मापात मारणारी माणसं पाहिलेली असल्यानं मला प्रकार लगेच कळला.

"मॅडम, तुमी करंट कमी करून राह्यल्या."

"नाही काका. तेवढाच आहे."

"मले शिकवू नोका. मशीन तुमची, बटण तुमचं, मीटर तुमचं. पेशंटले का समजते?"

तिला राग आला नाही. तिनं माझा डावा हात धरून बटणावर ठेवला. "हे घ्या. तुमच्या हातात. आता बोला." मी बटण धरून बसलो. मनगट तरी अर्ध्यावरच. मग तिनं मशीन बंद केली आणि म्हणाली, "आता काहीही करायचं नाही. गप्प बसा." ती दुसऱ्या पेशंटकडे गेली. परत येऊन तिनं त्याच आकड्यावर झटका दिला. मनगट टणकन वर.

"स्नायूला आधीच्या कामाची आठवण राहते, काका. थोडं काम केलेलं असेल तर पुढचा झटका जोरात बसतो. जास्त केलेलं असेल तर थकवा वरचढ होतो. दोन्ही एकाच वेळी चालू असतं. कोण जिंकेल ते तुम्ही आधी किती केलं आणि मध्ये किती थांबले त्याच्यावर आहे."

बोलायला गोड होती. पण मला त्यात फक्त एवढंच ऐकू आलं की आधी काम केलेला हात जोरात उचलतो. थांबणं वगैरे ज्यांना पगार मिळतो त्यांच्यासाठी असतं.

बाजूच्या पलंगावर ऊर्जानगरचे एक निवृत्त इंजिनिअर गुडघ्याला करंट घेत असायचे. शर्टातून दिसणारा जाळीचा पांढरा बनियन, खिशात पेन, आणि तोंडात सल्ला. ते लंगडत यायचे आणि लंगडतच जायचे, पण करंटबद्दल त्यांच्याइतकं ज्ञान जिल्ह्यात कोणाला नव्हतं, असं त्यांचंच म्हणणं होतं.

"या मुली घाबरतात हो," ते मला हळू आवाजात म्हणाले. "मी हयातभर वीज तयार केली. तत्त्व एकच असतं. लोड वाढवला की मशीन काम देतं. शरीर म्हणजे शेवटी मशीनच."

"मग तुमचा गुडघा काऊन काम देऊन नाई राह्यला, साहेब?"

"माझं वय पाहा ना."

म्हणजे तत्त्व वयाला लागू नव्हतं. तरीही या माणसानं आपल्याकडची खिशात मावणारी, बॅटरीवर चालणारी मशीन मला वापरायला दिली, कारण त्याच्या नातवानं त्याच्यासाठी नवी मागवली होती. मॅडमला मी काही सांगितलं नाही. स्वतःचा माल दुसऱ्या दुकानात दाखवायचा नसतो.

उन्हाळा संपत आला तोवर हात बराच सुधारला होता. सकाळी, ताजा असताना, मनगट माझं मी उचलू शकत होतो. बोटं उघडत होती, पूर्ण नाही, पण कामापुरती. संध्याकाळी मात्र ती पुन्हा चिमटीसारखी व्हायची. मॅडम म्हणाली, अजून थोडे दिवस बाजार नको. मी म्हणालो, बैलबाजार तुमच्या दवाखान्यासारखा वेळ देऊन येत नाही. आलापल्लीकडचा एक गाडीवान सागवानाचे ओंडके ओढून तयार झालेल्या दोन जोड्यांपैकी एक विकायला काढणार होता. तो वर्षानुवर्षं माझ्याकडे यायचा. त्यानं निरोप पाठवला होता. भाऊ येत असतील तरच त्यांच्या हातात कासरा देतो, नाही तर दुसऱ्याच्या. दुसरा म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती.

बाजाराच्या दिवशी पहाटे निघालो. पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलो, चकत्या लावल्या आणि इंजिनिअरची मशीन सुरू केली. हिशेब सरळ होता. आधी काम केलेला हात जोरात उचलतो ना? मग हाताला आधीच कामाला लावायचं. चंद्रपूर सोडल्यापासून मनगट उठत होतं, पडत होतं, उठत होतं. मूल गाव येईपर्यंत कमी उचलू लागलं, तर मी बटण वाढवलं. जंगलाच्या रस्त्यावर आणखी वाढवलं. ड्रायव्हर एक डोळा रस्त्यावर आणि एक माझ्या हातावर ठेवून गाडी चालवत होता.

"का जी, हे दुखत नाई का?"

"तू समोर पाह्य."

नदीचा पूल आला तेव्हा चकत्या काढल्या. हात आगीसारखा गरम होता आणि मला तो ताकदीचा वाटला.

चिंचेखाली माझ्या जागेवर चेला बसला होता. मला पाहून उठला, पाया पडायला वाकला, सगळ्यांना दिसेल इतका वाकला. गाडीवानानं बैलांकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं आणि कासरा माझ्या हातात दिला. जोडी देखणी होती. उंच खांदे, रुंद छाती, चालताना दोघांचं एकच पाऊल पडायचं. घेणारा मूलकडचा शेतकरी होता आणि त्याच्या बाजूनं दुपट्ट्याखाली हात घालणार होता माझा चेला. मला तेच हवं होतं. पहिल्याच दिवशी, त्याच्याच हातात, माझा आकडा.

दुपट्टा पडला. त्यानं दोन बोटं धरली. मी झटकली. त्यानं पुन्हा दोन धरली, घट्ट. मी पुन्हा झटकली. माझा आकडा चार होता. चार बोटं मुठीत घ्यायची तर आधी हात उघडावा लागतो. मी उघडायला गेलो आणि मनगट खाली गेलं. बोटं उघडलीच नाहीत. चार धरायला गेलेल्या हातात तीनच आली. आणि एक गोष्ट मी आजही शपथेवर सांगतो. त्यानं आपली बोटं फाकवून धरली होती. दुपट्ट्याखाली बोटं जुळवून द्यायची असतात, हे मीच त्याला शिकवलं होतं. करंगळी त्यानं माझ्या हाताला पोचणार नाही इतकी लांब ठेवली होती. मोसंबी घेऊन आला होता तेव्हाच त्यानं मोजमाप घेतलं होतं.

तीन बोटं हातात येताच त्यानं तळव्यावर तळवा दाबला आणि दुपट्टा उडवून हात बाहेर काढला.

"झाला सौदा!"

"तीन नव्हते बे! चार होते!" मी ओरडलो.

आकडा तोंडातून बाहेर पडला. एवढ्या वर्षांत त्या झाडाखाली कोणी आकडा मोठ्यानं बोललेला मी ऐकला नव्हता. पहिला मीच.

चेला फार हळू बोलला. हळू बोलणं हा त्याचा गुण आहे, सापासारखा.

"हात बोलला ना, भाऊ. मग आता तोंड काऊन बोलून राह्यलं?"

मागून कोणी तरी हसलं. गाडीवानानं बैलांच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, माझ्या हातातला कासरा काढून मूलच्या शेतकऱ्याला दिला आणि चालू लागला. सौदा मोडता आला असता का? नाही. मोडायला हवा होता का? तेही नाही. मी स्वतः कोणाचा मोडू दिला नसता. म्हणूनच संताप जास्त होता.

दुसऱ्या दिवशी जिना चढून मी मॅडमच्या डोक्यावर जाऊन उभा राहिलो. इंजिनिअर गुडघा घेऊन पडलेलेच होते, त्यांनाही त्यांच्या मशीनवरून ऐकवलं. तुमच्या करंटनं माझी इज्जत घालवली, असं म्हणालो. त्यापेक्षा वाईटही म्हणालो. तिनं शांतपणे विचारलं, "किती वेळ लावली होती मशीन?"

"चंद्रपूरपासून नदीपर्यंत."

तिनं डोळे मिटले. इंजिनिअर भिंतीकडे पाहू लागले.

"काका, तुम्ही थकलेला हात घेऊन बाजारात गेले. आणि करंट तर जास्तच थकवतो. तुम्ही स्वतः हात उचलता तेव्हा स्नायूतले धागे आळीपाळीनं काम करतात. काही ओढतात, काही विसावतात. करंट पाळी पाहत नाही. त्याच त्या धाग्यांना पुन्हा पुन्हा हाकलतो. असं समजा, नांगराला एक बैल जुंपला आणि दुसरा..."

"नांगराले एक बैल नाई जुंपत, मॅडम. जोडी जुंपतेत."

"बरं, जोडी जुंपली. आणि दिवसभर..."

"दिवसभर नाई जुंपत. उन्हात बैल मरते. सकाळची जोडी येगळी, दुपारनंतरची येगळी, ज्याच्याकडे दोन जोड्या हायेत त्याची. नाई तर दुपारी सोडून द्या लागते, पाणी पाजा लागते. एवढंबी मालूम नाई तुमाले?"

"मालूम नाही," ती म्हणाली. "पण तुम्हाला तर मालूम आहे ना?"

आयुष्यात बैलाच्या जवळून न गेलेली मुलगी, तिनं चुकीची उपमा द्यावी, मी ती दुरुस्त करावी आणि दुरुस्त करता करता तिचाच मुद्दा मान्य करून बसावं, असा सौदा माझ्याशी याआधी कोणी केला नव्हता. इंजिनिअर म्हणाले, "तत्त्व तेच, हो." त्यांची मशीन मी त्यांच्या उशाशी ठेवली. जरा जोरातच ठेवली.

त्यानंतर पावसाळाभर मी तिच्याशी घासाघीस करत राहिलो. ती म्हणायची, एवढं करा. मी म्हणायचो, दुप्पट. ती म्हणायची, मग विश्रांतीही दुप्पट. इथं माझं काही चालेना. करंट आधी, मग करंटसोबत मी स्वतः उचलायचं, मग नुसतं स्वतः. आणि प्रत्येक वेळी मध्ये थांबायचं. मला व्यायाम जड गेला नाही, हे थांबणं जड गेलं. हात मांडीवर ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत, काही न करता बसायचं. मी घरी तसा बसलो की बायको म्हणायची, "आज तबियत ठीक नहीं क्या?"

पण त्यातून मला माझ्या हाताचा स्वभाव कळला. अगदी थंड, झोपलेला हात आळशी असतो. चार-सहा वेळा उघडमीट केली, जरा दम घेतला की त्याच्याइतका तल्लख कोणी नाही. आणि त्यानंतर एका टप्प्यापर्यंतच. दुपट्ट्याखाली तीन-चार फेऱ्या चालतो, मग मनगट भारी होऊ लागतं आणि करंगळी सगळ्यात आधी दगा देते. हे मला डोळे मिटून कळू लागलं. एखाद्या बैलाचं पुढचं पाऊल कुठं पडेल हे कळतं तसं.

धान निघाल्यावर, थंडीत, गाडीवानानं दुसरी जोडी काढली. या वेळी निरोप आला नाही. मी आपणहून गेलो. मशीन नेली नाही. उजवा हात शालीत गुंडाळून नेला. बाजारात पोचल्यावर शाल काढली, काही वेळा हात उघडला, मिटला आणि तसाच मांडीवर ठेवून दिला.

गाडीवानानं मला पाहिलं. त्याच्या हातात कासरा होता आणि समोर एका घेणाऱ्याला घेऊन चेला हसत उभा होता.

"का जी भाऊ," गाडीवान म्हणाला, "या खेपी हात घरून घेऊन आले ना?"

लोक हसले. मीही हसलो असं दाखवलं. दात विचकले म्हणा.

"घेऊन आलो. तोंड घरी ठेवलं."

त्यावर तो खराखुरा हसला आणि त्यानं कासरा माझ्याकडे फेकला.

दुपट्टा पडला. समोर पुन्हा तोच हात, गुबगुबीत, गरम, तेलकट. त्यानं आकडा दिला, मी झटकला. मी दिला, पूर्ण हात उघडून, करंगळीसकट. तो चमकला. ते मला त्याच्या अंगठ्यातून कळलं. मग त्याची नवी चाल सुरू झाली. तो घाई करेना. एक बोट वाढवायचा, सोडायचा, पुन्हा तेच धरायचा. हातात हात घेऊन नुसता बसायचा. वर चेहरा असा, की फार विचारात आहे. मला दोन फेऱ्यांतच कळलं की हा भाव करत नाही, वेळ काढतो आहे. माझा हात थकण्याची वाट पाहतो आहे. माझं मनगट भारी होऊ लागलं. आणखी एक फेरी, आणि करंगळी जाणार होती.

दुपट्ट्याखालून आधी हात काढणं म्हणजे हार. एवढ्या वर्षांत मी कधी काढला नव्हता. माझ्या रागाची आणि बसकणीची ख्याती अशी होती की समोरचा घामानं भिजायचा, पण मी हलायचो नाही. त्या दिवशी मी हात काढला.

"चहा पिऊन येतो," मी म्हणालो.

चेल्याचं तोंड उघडं राहिलं. "आता? सौद्यात?"

"बैलालेबी पाणी दाखवतेत बे."

टपरीवर जाऊन मी चहाचा काचेचा ग्लास उजव्या मुठीत धरला. थंडी होती, ग्लास गरम होता. प्यायलो नाही, नुसता धरून बसलो. मनगट हळूहळू हलकं झालं. भिंतीवरचं घड्याळ नव्हतं, पण ते मला आता लागत नव्हतं. चिंचेखाली काय चाललंय ते दिसत होतं. घेणारा बेचैन झाला होता. दलाल उठून गेला म्हणजे दुसरं गिऱ्हाईक लागलं, असं त्याला वाटत होतं. तो चेल्याच्या कानाला लागून लागून बोलत होता. चेला माझ्याकडे पाहत होता, आणि पहिल्यांदाच त्याला समजत नव्हतं की मी काय करतो आहे.

परत गेलो. दुपट्टा पडला. या वेळी त्याचं बोट थरथरत होतं. मी पाचही बोटं मुठीत घेतली, सावकाश, एकेक करून, प्रत्येक बोट त्याला मोजता येईल असं. त्याच्या मागून घेणाऱ्यानं त्याच्या खांद्याला धक्का दिला. तळवा दाबला गेला.

गाडीवान बैलांना शेवटचं कुरवाळून आला, माझा उजवा हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि सोडला. "चालते," एवढंच म्हणाला. चिंचेखाली मी बसलो आणि बसलोच. चेला पलीकडच्या बाभळीखाली गेला.

त्यानं बोटं फाकवली होती हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सिद्ध करता येत नाही आणि बाजार पुराव्याशिवाय फक्त हसतो. पण विसरलेलोही नाही.

हातात अजून तेवढंच बळ आहे, तीन-चार फेऱ्यांचं. मॅडम म्हणते, वाढेल. मी चहाला उठतो. बाजाराला मात्र वाटलं की हा माझा नवा डाव आहे. आधी एकानं उचलला, मग दुसऱ्यानं. आता धडधाकट हातांचे दलाल ऐन सौद्यात उठतात, टपरीवर जातात आणि ग्लास मुठीत धरून गंभीर चेहऱ्यानं बसतात. चहावाल्यानं दोन बाकं वाढवली. परवा माझा चेलाही उठला. मी पाहिलं, त्यानं ग्लास उजव्या मुठीत धरला होता आणि चहा निवेपर्यंत तसाच बसला होता. त्याच्या हाताला काहीही झालेलं नाही. मागे बसलेल्या त्याच्या घेणाऱ्यानं तेवढ्यात दुसरी जोडी ठरवून टाकली.

मी त्याला एवढं सगळं शिकवलं. हे मात्र शिकवणार नाही.